बाटली की तांब्या? जोयड्याच्या वाटेवर

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी जोयड्याचे फोटो टाकले तेव्हापासून मला तेच तीन प्रश्न येतात. रस्ता कसा आहे, नेटवर्क येतं का, आणि पाण्याच्या बाटल्या किती घ्यायच्या? पहिल्या दोघांची उत्तरं सोपी आहेत: रस्ता बरा आहे, नेटवर्क बहुतेक ठिकाणी नाही. तिसऱ्याचं उत्तर चॅटमध्ये मावत नाही, म्हणून हा लेख.

आधी जागेबद्दल. उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचा सुपा तालुका. बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर असं उतरत आलं की आपण जोयड्यात शिरतो. गोव्याहून यायचं तर अनमोड घाट चढून, कारवारकडून यायचं तर अणशी घाटातून. काली नदी याच तालुक्यात डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ सदाशिवगडापाशी समुद्राला मिळते. बरंचसं जंगल काली व्याघ्र प्रकल्पात येतं. पाऊस विचारू नका. कॅसलरॉक हे स्टेशन कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. एकेकाळी ही पोर्तुगीज गोव्याची वेस होती आणि जकातीसाठी गाड्या इथे थांबायच्या.

सुपा नावाचं गाव मात्र आता शोधून सापडणार नाही. १९८० च्या दशकात कालीवर १०१ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं आणि सुपा त्याच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, विस्थापित झालेली अनेक कुटुंबं रामनगरला आली. मराठीत 'पाणी सोडणे' म्हणजे हक्क सोडून देणे. इथल्या लोकांना तो वाक्प्रचार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कालीवरच्या सुपा, नागझरी, कद्रा या वीजगृहांतली वीज राज्याच्या ग्रीडमध्ये जाते. म्हणजे आमच्या बेंगळुरूच्या स्वयंपाकघरातला आरओ फिल्टर ज्या विजेवर गुरगुरतो, त्यात थोडा वाटा या तालुक्यातल्या पाण्याचा असतोच. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. कारण 'तिथलं पाणी चांगलं असेल का हो?' हा प्रश्न आपण ज्या सुरात विचारतो, तो सूर मला खटकतो. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूत बोअरवेल आटल्या होत्या आणि आम्ही टँकरच्या पाण्यावर दिवस काढत होतो. त्या टँकरमध्ये कुठलं पाणी आहे हे आमच्या इमारतीतल्या एकाही इंजिनिअरने विचारलं नव्हतं.

पण प्रश्न खोटा नाही. सोबत पाच वर्षांची मुलगी आणि साखरेच्या गोळ्या घेणारी आई असेल, तर तो विचारलाच पाहिजे. रात्री दोन वाजता लहान मुलाला जुलाब सुरू झाले आणि बेळगाव किंवा हुबळी गाठायची म्हटली, तर जंगलातल्या रस्त्याने दोन तास धरावे लागतात. 'निसर्गातलं पाणी, काही होत नाही' असं म्हणणारे बहुतेक वेळा एकटे, तिशीतले आणि धडधाकट असतात.

तर बाटली. तिच्याबद्दल आपल्याला वाटतो तेवढा पक्का भरवसा कुठून आला? भारतात बाटलीतल्या पाण्याची सुरुवात आपल्याच अंगणात झाली. १९६५ साली ठाण्यात बिसलेरीचं उत्पादन सुरू झालं, १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी तो धंदा विकत घेतला. तेव्हा हे पाणी पंचतारांकित हॉटेलांत प्यायचं होतं. पाणी विकत घ्यायचं या कल्पनेला लोक हसत होते. माझे आजोबा तर 'पाणी विकतो तो माणूस पुढे हवाही विकेल' असं म्हणायचे, आणि ते जिवंत असताना एअर प्युरिफायरच्या जाहिराती आलेल्या नव्हत्या. पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, एसटी स्टँडवर पोहोचल्या, आणि 'बिसलेरी द्या' म्हटलं की दुकानदार कुठलीही बाटली पुढे करू लागला.

बाटलीवर दोन प्रकारची नावं असतात हे फार थोडे लोक वाचतात. 'नॅचरल मिनरल वॉटर' म्हणजे झऱ्याचं किंवा भूगर्भातलं पाणी, मूळ क्षार तसेच ठेवून भरलेलं. 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' म्हणजे कुठलंही पाणी, बोअरचं किंवा नळाचंसुद्धा, गाळून, आरओ करून, निर्जंतुक करून भरलेलं. आपण वीस रुपयांत घेतो ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचं. म्हणजे ते नळाच्या पाण्याचंच शिकलेलं भावंड म्हणा. त्यात वाईट काही नाही. प्रक्रिया नीट झाली तर ते सुरक्षितच असतं. 'नीट झाली तर' एवढाच मुद्दा. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने नामांकित बाटल्यांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं आणि त्यानंतर मानकं कडक झाली.

एक गोष्ट अलीकडे बदलली आहे, ती सांगून ठेवतो. बाटलीवर आयएसआय खूण नसेल तर घेऊ नका, असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. ऑक्टोबर २०२४ पासून ती खूण सक्तीची राहिलेली नाही. त्याऐवजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाणी 'जास्त जोखमीच्या' पदार्थांत टाकलं आहे. त्यामुळे आता पाहायचा तो एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, भरल्याची तारीख आणि झाकणाची कडी. झाकण फिरवताना 'कट्' असा आवाज आला नाही तर बाटली परत करा, दुकानदार कितीही गोड बोलला तरी.

आणि वीस लिटरचा जार? त्यावर आपला आंधळा विश्वास का बसला, मला समजत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावर गेला. मग तपासण्या झाल्या. त्यात फक्त विहिरी आणि नळच नाही, तर त्या भागातल्या खासगी आरओ केंद्रांचं पाणीही दूषित निघालं आणि महापालिकेला अशी केंद्रं बंद करावी लागली. पाच रुपयांत कॅन भरून देणारं केंद्र आपल्याला नळापेक्षा वरचढ वाटत होतं, कारण तिथे निळा दिवा होता आणि स्टीलची टाकी चकचकीत होती.

आता जोयड्यात. आम्ही दिवाळीनंतर गेलो होतो. मी, बायको, मुलगी आणि आई. गाडीच्या डिकीत एक लिटरच्या बारा बाटल्यांचं प्लॅस्टिकने गुंडाळलेलं खोकं होतं. उतरलो ते एका कुणबी कुटुंबाच्या घरी. दोन खोल्या पाहुण्यांना देतात. कौलारू घर, मागे सुपारी आणि केळी, त्यामागे सरळ डोंगर. घरातल्या आजींनी पायरीवरच विचारलं, 'उदक जाय?' आणि उत्तराची वाट न पाहता तांब्या-भांडं आणि गुळाचा खडा आणून ठेवला.

उदक हा शब्द माझ्या मुलीने पहिल्यांदाच ऐकला. आपल्या मराठीत तो भटजींकडेच उरला आहे, उदकशांत आणि उदक सोडणे यांपुरता. कोकणीत तो रोज तहान भागवतो. कानडीत तेच नीरु. त्या एका घरात तिन्ही शब्द चालत होते: आजी उदक म्हणत, त्यांचा मुलगा बेळगावकडच्या ये-जामुळे आमच्याशी मराठीत पाणी म्हणे, आणि शाळेतून आलेली नात नीरु.

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी डिकीकडे पाहिलं. तेवढ्यात आईने तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून गुळाबरोबर पिऊन टाकलं.

रात्री मी तिला म्हटलं, 'अगं, विचारायचं तरी.' ती म्हणाली, 'आमच्या लहानपणी कुठल्या घरी पाणी घ्यायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलं होतं. कारण कुणी सांगत नसे. पाणी नको म्हटलं की समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलंय. या वयात मला पुन्हा तो चेहरा पाहायचा नाही.'

यावर मला उत्तर सुचलं नाही. आपल्या देशात पाणी नाकारणं हा नुसता तब्येतीचा प्रश्न कधीच नव्हता. इंग्रजांच्या काळात स्टेशनवर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' असे वेगळे पुकारे होत. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा ते तहान लागली म्हणून प्यायले नव्हते. जोयड्याचे कुणबी जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक आहेत. गोव्यातल्या त्यांच्या भाईबंदांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, कर्नाटकातले अजून मागत आहेत. अशा घराच्या पायरीवर बसून, पुढे ठेवलेला तांब्या बाजूला सारून आपली सीलबंद बाटली उघडायची, हे आपल्या मनात काहीही नसलं तरी समोरच्याला काय सांगतं? आपण म्हणू, 'अहो, जंतूंमुळे.' पूर्वीही कारण शुद्धतेचंच सांगितलं जायचं.

पण आईचा मुद्दा बरोबर असला म्हणून पाणी आपोआप शुद्ध होत नाही. जंतूंना माणसाचं मन कळत नाही. मी इंजिनिअर असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी मापायला लागलो.

पहिलं यंत्र टीडीएस मीटर. आमच्या पिढीचं हे आवडतं खेळणं. तीनशे-चारशे रुपयांना मिळतं, पेनासारखं दिसतं आणि आकडा दाखवतं. घराच्या मागे वर डोंगरात झरा होता, तिथून काळ्या पाइपने उतारावरून पाणी घरी येत होतं. पंप नाही, वीज नाही. या भागात ही पद्धत जुनी आहे. पूर्वी पाइपाऐवजी पोखरलेल्या सुपारीच्या खोडाची पन्हाळी असायची. झऱ्याचं पाणी मोजलं: ३४. माझ्या बाटलीतलं पाणी: ५८. बेंगळुरूला आमच्या बोअरचं असतं ८०० च्या आसपास. भारतीय मानकात स्वीकार्य मर्यादा आहे ५००. म्हणजे झरा जिंकला?

नाही. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. जंतू त्याला दिसतच नाहीत. गटाराचं एक चमचा पाणी बादलीभर झऱ्याच्या पाण्यात मिसळलं तरी आकडा जेमतेम हलेल. फिल्टर विकणारा माणूस घरी येऊन दोन ग्लासांत मीटर बुडवून दाखवतो ना, तो अर्धी परीक्षा घेऊन पूर्ण निकाल सांगत असतो. आपल्या ओळखीत हा खेळ पाहून फिल्टर घेतलेली किमान दहा घरं मी मोजू शकतो.

दुसरी वस्तू जास्त कामाची होती. एच-टू-एस चाचणीच्या छोट्या बाटल्या. ही चाचणी आपल्या देशातली. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ती मांडली. सैनिकांना पाणी तपासायला सोपी पद्धत हवी होती. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावायचं, उबेला २४ ते ४८ तास ठेवायचं. विष्ठेबरोबर येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. ते असले तर पाणी काळं पडतं. प्रयोगशाळा लागत नाही, डोळे असले की झालं. जलजीवन मिशनमध्येही गावपातळीवर अशा बाटल्या वापरतात.

मी तीन बाटल्या भरल्या. एक झऱ्याच्या तोंडाशी. एक अंगणातल्या सिमेंटच्या टाकीच्या नळाची, कारण पाइपचं पाणी आधी तिथे साठतं. एक स्वयंपाकघरातल्या उकळून थंड केलेल्या पाण्याची. तिन्ही चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवल्या. आजींना वाटलं मी काही औषध करतोय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली आणि तिसरी जशीच्या तशी होती. मधली शाईसारखी काळी.

म्हणजे डोंगरातून येणारं पाणी त्या दिवशी तरी ठीक होतं, आणि बिघाड घरापासून वीस पावलांवर होत होता. एका चाचणीवरून झऱ्याला कायमचं प्रमाणपत्र देता येत नाही हे खरं. पहिल्या पावसानंतर तोच झरा गढूळ होतो, वर गुरं चरतात, रानटी जनावरंही पाण्यावर येतात. पण प्रवासी माणूस ज्यावर वाद घालतो, नळ की झरा की बाटली, तो सगळा उगमाबद्दलचा वाद आहे. आजारी पाडणारी जागा बहुतेक वेळा उगम आणि ग्लास यांच्या मधे असते: टाकी, पाइपचा सांधा, हांड्यात बुडवलेला हात.

हे यजमानांना सांगायचं कसं? मुलीने बाटली पाहून 'ई, काळं!' म्हणून घर डोक्यावर घेतलंच होतं, त्यामुळे लपवायला काही उरलं नव्हतं. घरातल्या दादांनी बाटली उजेडात धरली, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'झाकण वानरांनी फेकलंय पावसाळ्यात. आज घालतो, उद्या घालतो करत राहिलं.' राग नाही, लाज नाही. सकाळी टाकी रिकामी केली, आत उतरून नारळाच्या काथ्याने घासली. ग्रामपंचायतीच्या वॉटरमनकडून ब्लीचिंग पावडर आणली. आपल्याकडे ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात तीच. चांगल्या पावडरीचं प्रमाण साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम, आणि टाकल्यावर निदान अर्धा तास थांबायचं. पत्र्याचं झाकण दगड ठेवून बसवलं. मग त्यांनी मला विचारलं, 'त्या बाटल्या कुठे मिळतात?' बेंगळुरूला आल्यावर दहा बाटल्यांचं पाकीट कुरिअर केलं. परवा फोन आला होता: झऱ्याची आणि टाकीची दोन्ही पांढरी आहेत, शेजारच्या घरची काळी आली, आता ते लोक त्यांच्यावर नाराज आहेत.

तुम्ही म्हणाल, क्लोरीन टाकलं की प्रश्न मिटला. बराचसा मिटतो, पूर्ण नाही. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी वझीराबादच्या पाणी उपसा केंद्राकडे सरकलं. पाण्यात क्लोरीन वाढवलं गेलं आणि त्यामुळे टायफॉइड, हगवण यांची साथ आली नाही. पण काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले होते, विषाणू तरले होते. पुढे कित्येक वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून ती 'हिपॅटायटिस ए'ची साथ नव्हती हे कळलं; आज आपण त्या आजाराला 'हिपॅटायटिस ई' म्हणतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती आपल्यापैकी काहींना आठवत असेल. हा आजार गरोदर बाईला फार जड जातो. म्हणून घरात कुणाला दिवस गेलेले असतील तर प्रवासात माझं उत्तर एकच: खदखदून उकळलेलं, नाहीतर सीलबंद. तिथे भीडभाड नाही.

उकळणं म्हणजे किती, यावरही आपल्याकडे मतं आहेत. 'वीस मिनिटं उकळा' असं आई सांगायची. एवढा गॅस जाळायची गरज नाही. मोठे बुडबुडे फुटून पाणी खळखळायला लागलं की एक मिनिट पुरे. दोन हजार मीटरच्या वर गेलात तर तीन मिनिटं. जोयडा त्यापेक्षा कितीतरी खाली आहे. गढूळ असेल तर आधी कपड्याने गाळा. आणि उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून ठेवा. धुतलेल्या-न-धुतलेल्या दुसऱ्या भांड्यात ओतलं की केलेलं वाया.

तांब्याच्या भांड्याबद्दल विचारणारेही बरेच आहेत. आजींच्या घरी पिण्याचं पाणी तांब्याच्या कळशीत होतं. ही नुसती श्रद्धा नाही. २०१२ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी तांब्याच्या भांड्यात मुद्दाम जंतू मिसळलेलं पाणी १६ तास ठेवलं, तेव्हा कॉलरा, टायफॉइडच्या गटातले आणि ई-कोलाय जिवाणू त्यात जिवंत सापडले नाहीत. पण १६ तास म्हणजे १६ तास. सकाळी भरून दुपारी प्यायलं तर तो फक्त सुंदर तांब्या आहे. आणि विषाणूंची हमी त्यात नाही.

मग व्यवहारात काय करायचं? आम्ही आता जे करतो ते असं. घरून निघताना स्टीलच्या बाटल्या भरून घ्यायच्या, माणशी दोन लिटर, म्हणजे रस्त्याचा दिवस निघतो. सोबत एक लिटरची इलेक्ट्रिक किटली. मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशीच फोनवर सांगायचं, 'लहान मूल आहे, पिण्याचं पाणी उकळून ठेवाल का?' लहान मुलासाठी मागितलेलं पाणी कुणाला लागत नाही. उलट आजी चुलीवरचं पातेलं उतरवायच्या आधी मुलीचीच बाटली भरतात. कानडी दुकानात किंवा खाणावळीत 'कुदिसि आरिसिद नीरु' म्हणायचं, म्हणजे उकळून निववलेलं. नुसतं 'बिसी नीरु' म्हटलं तर गरम पाणी मिळेल, पण ते कोमट करून आणलेलंही असू शकतं. कोकणी घरात 'हून उदक'. पायरीवर तांब्या समोर आलाच आणि मन तयार नसेल, तर 'चहा चालेल का?' विचारावं. चहा उकळलेला असतो, चुलीवरची पेजही उकळलेली असते, आणि दोन्ही यजमानाच्या हातची. आई मात्र अजूनही आधी गूळ-पाणीच घेते. तिचं तिला ठाऊक.

ओढ्याचं, नदीचं पाणी थेट पिऊ नका. सिंथेरी रॉक्सला कानेरी नदी इतकी स्वच्छ दिसते की ओंजळ आपोआप पुढे होते. वर गावं आहेत, गुरं आहेत, माणसं आंघोळ करतात. गणेशगुडीला राफ्टिंग करताना नाकातोंडात जातं तेवढं पुरे. माघ पौर्णिमेच्या सुमारास उळवीला चन्नबसवेश्वरांची जत्रा भरते, हजारो लोक येतात, बैलगाड्यांनीही येतात. तेव्हा गेलात तर बाटलीच घ्या, कारण एवढ्या गर्दीत कुठल्याच गावाची टाकी पुरी पडत नाही. आषाढीला पंढरपूरला गेलेल्यांना हे सांगायला नको. मेडिक्लोरची छोटी बाटली आपल्या आयांच्या पिशवीत असायची. ती अजूनही मिळते, घेऊन ठेवा.

राहता राहिल्या त्या डिकीतल्या बारा बाटल्या. त्यातल्या चार आम्ही प्यायलो. दोन दिवस उन्हात तापलेल्या डिकीतलं पाणी प्यायची इच्छा उरत नाही. रिकाम्या बाटल्या कुठे टाकायच्या म्हणून दादांना विचारलं, तर त्यांनी घरामागचा खड्डा दाखवला. पाहुण्यांनी ठेवून गेलेल्या बाटल्यांनी तो अर्धा भरला होता. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या कितीतरी वस्तूंवर देशभर बंदी आहे, काड्या, चमचे, थर्माकोल. पाण्याची बाटली त्या यादीत नाही. शहरात तिला भंगारवाला भाव देतो. इथे भंगारवाल्याचा टेम्पो पेट्रोल जाळून येईल एवढा माल एका वाडीत जमत नाही. म्हणून मग खड्डा, नाहीतर काडेपेटी. सिक्कीमने १ जानेवारी २०२२ पासून बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली. ओडिशातल्या पुरीत २०२१ पासून नळाचं पाणी थेट पिता येईल अशी व्यवस्था आहे, आणि जगन्नाथाला येणाऱ्या यात्रेकरूंना बाटली घ्यावी लागू नये हा त्यामागचा एक हेतू होता. जोयड्यासारख्या विखुरलेल्या वाड्यांना पुरीसारखी यंत्रणा नाही परवडणार. पण झाकण असलेली टाकी, अडीच ग्रॅम पावडर आणि दर महिन्याला एक काळी-पांढरी होणारी बाटली एवढं परवडतं. आपल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्यावरून हिरवं, पिवळं, लाल कार्ड देतात, त्यातलं लाल कार्ड बहुतेक वेळा अशाच छोट्या गोष्टींवरून येतं.

आम्ही सगळ्या बाटल्या, आमच्या आणि खड्ड्यातल्या मावतील तेवढ्या, दोन पोत्यांत भरून बेंगळुरूला आणल्या. वाटेत आईची कुरकुर चालू होती की तिच्या पायाशी दुसऱ्यांचा कचरा ठेवलाय.

जानेवारीत जोयड्याला कुणब्यांचा कंदमुळांचा मेळावा भरतो. आपल्याला रताळं आणि सुरण यापलीकडे नावं माहीत नसतात; इथे एकेका टोपलीत ओळखू न येणारे कंद असतात, काही मुलीच्या उंचीचे. तारीख जाहीर झाली की मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. आत्तापर्यंत तीन कुटुंबं तयार आहेत, दोन गाड्यांत जागा आहे. येणाऱ्यांनी माणशी एक स्टीलची बाटली आणावी. किटल्या दोन पुरेत, एक आमची आहे. लहान मुलं किती ते आधी कळवा, म्हणजे आजींना पाण्याचं पातेलं मोठं ठेवायला सांगता येईल.